मधला एक लाख

सातव्यांदा पातं तुटलं तेव्हा मिस्त्री वरच्या मजल्यावर पंख्याला तेल देत होता. नुसत्या आवाजावरून त्याला कळलं. आधी एक कडक आवाज, मग पट्टा सुटेपर्यंत लांब घरघर. पुठ्ठा कापायच्या मशीनची ही रड आता सगळ्या कारखान्याला पाठ झाली होती. तो जिना उतरून खाली आला तेव्हा वहिनी मशीन बंद करून दोन पावलं मागे सरकल्या होत्या आणि आपल्याच हातांकडे बघत होत्या.

"एकच पुठ्ठा होता, भावजी," त्या म्हणाल्या. "मी दोनदा चाचपला होता."

वहिनी म्हणजे मिस्त्रीच्या थोरल्या भावाची बायको. भाऊ गेल्यावर घरात बसून भिंतीकडे बघण्यापेक्षा बरं, म्हणून मिस्त्रीनंच मालकांकडे शब्द टाकून त्यांना इथे लावलं होतं. वर्षभर त्यांनी खोकी बांधली. पाच आठवड्यांपूर्वी या मशीनची मोठी दुरुस्ती झाली, म्हातारा मशीनवाला त्याच सुमारास काम सोडून लेकीकडे राहायला गेला आणि त्याच्या जागी वहिनी बसल्या. तेव्हापासून दर चार-पाच दिवसांनी पातं तुटत होतं. दोन पुठ्ठे एकदम आत सरकले की पातं तुटतं, हे तिथलं शेंबडं पोरही सांगेल. मग दुसरं कारण शोधायचं कुणाला पडलंय? नवरा गेलेली बाई, लक्ष कुठेतरी असणारच, असं म्हणून सगळे मोकळे झाले. काही जण हे अगदी मायेनं म्हणायचे आणि ते जास्त लागायचं.

मालक माणूस वाईट नव्हते, पण शिस्तीचे होते. पातं तुटलं की एक चिठ्ठी लिहायची, चालवणाऱ्याचं नाव घालायचं आणि खणात टाकायची, असा त्यांचा नेम. खणात सात चिठ्ठ्या झाल्या होत्या. त्या दिवशी त्यांनी मिस्त्रीला आत बोलावलं आणि शांतपणे सांगितलं, की आठवी चिठ्ठी लिहायची वेळ आली तर वहिनींनी दुसरीकडे काम बघावं. वहिनींना हे सांगायचं कामही त्यांनी मिस्त्रीवरच टाकलं. शब्द तुम्ही टाकला होता, म्हणाले.

मिस्त्रीनं ते वहिनींना सांगितलं नाही. सांगणार कुठल्या तोंडानं? मशीनवर बसल्यापासून ही बाई जेवताना दोन शब्द बोलायला लागली होती, एकदा तर हसलीही होती. आणि आता पुन्हा सगळं ओसरत चाललं होतं. पुठ्ठा आत सरकवण्याआधी त्या त्याच्या कडेवरून अंगठा फिरवायच्या, एकदा, मग पुन्हा एकदा. घरी कुलूप लावून खाली उतरल्यावर परत वर जाऊन ते ओढून बघायच्या. भाजीत मीठ घातलं की नाही हे मिस्त्रीच्या बायकोला, म्हणजे आपल्या जावेला, विचारायच्या आणि घातलं असं तिनं सांगितलं तरी त्यांचा विश्वास बसायचा नाही. नोकरी गेली तर दुसरी मिळाली असती. पण आपल्या हातांवरचा भरवसा गेला की तो कुठल्या दुकानात मिळत नाही.

आणि खरं सांगायचं तर मिस्त्रीलाही मनातून वाटतच होतं, की वहिनींचंच चुकत असणार.

मशीनशेजारी एक वही टांगलेली असे. पातं तुटलं की तारीख, काउंटरचा आकडा आणि चालवणाऱ्याचं नाव तिच्यात लिहायचं. काउंटर म्हणजे पाच आकड्यांची छोटी पेटी. एक पुठ्ठा कापला की आकडा एकनं पुढे. पातं बदलता बदलता मिस्त्रीनं ती वही सहज चाळली. वहिनींचं अक्षर स्वच्छ होतं. ०७३१५. ०९७९५. १२२७५. मिस्त्रीला आकडे दिसले की वजाबाकी करायची खोड होती, हॉटेलात गेला तरी तो टेबलांचे नंबर वजा करायचा. त्यानं पहिला आकडा दुसऱ्यातून वजा केला, दुसरा तिसऱ्यातून. मग चौथा, पाचवा, सहावा, आणि आजचा सातवा, २२१९५. सगळीकडे उत्तर एकच येत होतं. दोन हजार चारशे ऐंशी.

माणसाची चूक अशी घड्याळ लावून होत नाही. हे यंत्राचं काम होतं. आणि पुढचा आकडाही आता हातात होता: २४६७५.

गुरुवारी संध्याकाळी मशीन तसंच बंद ठेवलं होतं, ते शुक्रवारी सकाळी सुरू झालं. मिनिटाला पन्नास पुठ्ठे, म्हणजे जेमतेम पन्नास मिनिटांत तो आकडा येणार. मिस्त्रीनं मालकांना हाताला धरून आणलं, शेजारच्या दोन मशीनवाल्यांनाही हाक मारली. वहिनींना त्यानं काहीच सांगितलं नव्हतं, उगाच आशा नको म्हणून. फक्त म्हणाला, तुम्ही चालवत राहा. २४६७०. २४६७३. २४६७५ आला आणि गेला, पुठ्ठा सुरेख कापला गेला. २४६८०. २४७००. कुणीतरी मागे खोकलं.

यालाच म्हणतात हात दाखवून अवलक्षण. मालक त्याला बाजूला घेऊन म्हणाले, की मिस्त्री, ज्योतिष तुमचं काम नाही. मिस्त्रीनं वही पुढे केली, हा सारखा फरक बघा म्हणाला. मालकांनी बघितला, चष्मा वर केला आणि विचारलं, की वहीत आकडे लिहितं कोण? वहिनीच ना? खऱ्या गोष्टीत असा नेटकेपणा नसतो, मनानं लिहिलेल्या आकड्यांतच असतो. म्हणजे मदत करायला गेलेल्या दिरानं वहिनींच्या माथी आता खोटेपणाही मारला. मिस्त्रीला जमीन दुभंगावी असं झालं. आणि त्याहून वाईट म्हणजे, दुपारी डबा खाताना एक क्षण त्याच्याही मनात आलं, की खरंच मनानं लिहिले असतील तर? त्यानं डबा तसाच बंद केला.

तिथून त्याची झोप आणि भूक दोन्ही उडाली. त्याच्या वस्तादानं त्याला एक गोष्ट शिकवली होती: आकडा सोल, आत चाक सापडेल. या मशीनला तर ते तंतोतंत लागू होतं. आत एका रांगेत दात्यांची चाकं होती आणि प्रत्येक पुठ्ठ्यागणिक एक खटका प्रत्येक चाकाला एक दाता पुढे ढकलायचा. म्हणजे एखादी खोड जितक्या पुठ्ठ्यांनी परत येते, त्या आकड्याच्या अवयवांत चाकांचे दाते लपलेले असणार. त्यानं दोन हजार चारशे ऐंशी सोलायला घेतला. निम्मे बाराशे चाळीस, निम्मे सहाशे वीस, तीनशे दहा, एकशे पंचावन्न. पाचाचा भाग घातला, उरले एकतीस. एकतिसाला पुढे कशाचाच भाग जात नाही. म्हणजे आत कुठेतरी एकतीस दात्यांचं चाक हवं, नाहीतर बासष्ट, नाहीतर त्र्याण्णव.

असं चाक त्याला आठवत नव्हतं. शनिवारभर तो एकतीस एकतीस करत फिरला. घरच्या जिन्याला एकोणतीस पायऱ्या निघाल्या, तर दोन कमी पडल्याचाही त्याला राग आला. बायको म्हणाली, एवढं मोजताय तर किराण्यातले तांदूळही मोजून टाका. तो हसला नाही. बसला की उठायचा, उठला की कशाला उठलो ते विसरायचा. पुढची दुर्घटना कुठल्या आकड्यावर येणार ते आता माहीत नव्हतं, म्हणजे ती कधीही येऊ शकत होती, आणि मशीनच्या प्रत्येक आवाजाला त्याचा जीव खालीवर होत होता.

रविवारी कारखाना बंद. मिस्त्रीकडे गोदामाची आणि मागच्या दाराची किल्ली असायची. दुरुस्ती छान झाली म्हणून मालकांनीच त्याला मुख्य मिस्त्री करून ती दिली होती. तो एकटा आत गेला, मशीनचं झाकण उघडलं आणि खडूनं खूण करून चाकं मोजायला बसला. धूळ झाडणारा ब्रश उचलणारं चाक, अठ्ठेचाळीस दाते. कापलेली चळत पुढे ढकलणारं चाक, पस्तीस दाते. या दोहोंच्या मधे पात्याला तेलाचा बोळा लावणारं चाक होतं, ते त्यानं मोजलं नाही. ते त्यानं स्वतःच्या हातानं कापलेलं होतं, त्यात काय मोजायचं? काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा. एकतिसाचं चाक काही सापडलं नाही, आणि तो हात काळे करून घरी आला.

मंगळवारी सकाळी दहाच्या सुमारास तो मशीनच्या मागे उकिडवा बसून खटक्यांचे आवाज ऐकत होता. वहिनींनी हाक मारली.

"भावजी, बघायचं असेल तर या. शून्यं येतायत."

तो गेला. काउंटर ९९९९० च्या पुढे सरकत होता. नव्याण्णव हजार नऊशे नव्याण्णव झाले आणि पाचही चाकं एकदम फिरून ओळीनं शून्यं उभी राहिली. वहिनींच्या चेहऱ्यावर जरासं काहीतरी हललं. त्या म्हणाल्या, की दिवसभर एकाच पेटीकडे बघायचं, त्यात ही शून्यं तेवढी बरी वाटतात, पण हल्ली त्यांचीही धास्ती घेतलीय.

"का?"

"ही आली की समजायचं, दिवस भरत आले. दर दोन तुटण्यांच्या मधे ती येतातच. एकदाच येतात. मी मोजलंय."

मिस्त्रीनं पुन्हा ती वही उघडली. कारखान्यात काउंटरचा लाख कुणीच धरत नसे. दिवसाचे चोवीस हजार पुठ्ठे, सकाळचा आकडा संध्याकाळच्या आकड्यातून वजा केला की झालं. पेटी मधे कधी उलटली याच्याशी कुणाला देणंघेणं नव्हतं. त्यानंही वजाबाकी तशीच केली होती, सवयीनं, पाच घरांची, आणि शेजारी लिहिलेल्या तारखांत चार-चार दिवसांचं अंतर आहे हे ध्यानातच घेतलं नव्हतं. बिघाड दोन हजार चारशे ऐंशी पुठ्ठ्यांनी येत नव्हता. एक लाख दोन हजार चारशे ऐंशी पुठ्ठ्यांनी येत होता. चार दिवसांहून थोडं जास्त. आणि ज्या बाईला हे पहिल्यापासून ठाऊक होतं, तिला विचारायचं त्याला सुचलं नव्हतं. तिच्या हातची वही त्यानं तिला न विचारता वाचली होती.

टाकाऊ पुठ्ठ्याच्या तुकड्यावर त्यानं खडूनं तो मोठा आकडा लिहिला आणि सोलायला घेतला. निम्मे एक्कावन्न हजार दोनशे चाळीस. निम्मे पंचवीस हजार सहाशे वीस. बारा हजार आठशे दहा. सहा हजार चारशे पाच. चार वेळा दोन निघाले. मग तीन, उरले दोन हजार एकशे पस्तीस. मग पाच, उरले चारशे सत्तावीस. मग सात. चार दोन आणि एक तीन म्हणजे अठ्ठेचाळीस, हे ब्रशचं चाक. पाच साते पस्तीस, हे चळतीचं. दोन्ही चाकं ओळीनं हजर झाली आणि शेवटी खाली एक आकडा उरला, त्याला कशाचाच भाग जाईना.

एकसष्ट.

हे चाक कुणाचं ते मोजून बघायची गरज नव्हती. दुरुस्तीत तेलाचं जुनं चाक झिजलेलं निघालं, साठ दात्यांचं. नवं कापताना मिस्त्रीनं साठचे एकसष्ट केले होते. मिस्त्री लोकांत ही जुनी रीत आहे: दोन चाकं एकमेकांत फिरत असतील तर एकाला एक दाता जास्त द्यायचा, म्हणजे तोच दाता त्याच दात्याला सारखा घासत नाही आणि झीज वाटली जाते. वस्तादाची शिकवण, आणि खोटी मुळीच नाही. पण ही तीन चाकं एकमेकांना शिवतच नव्हती. शेजारी शेजारी, आपापल्या खटक्यावर फिरत होती. इथे रीत पाळायचं कारणच नव्हतं. हात आपोआप चालला होता, आणि मालकांनी ते चकचकीत चाक उचलून चारचौघांत कौतुक केलं होतं.

आता त्याला जुन्या चाकाचं मर्म कळलं. प्रत्येक चाकावर एक खुंटी होती, ती वर आली की आपापला दांडा उचलायची. दोन दांडे एकदम उठले तर आत मावतात. तिन्ही उठले तर पुठ्ठा अडकतो आणि पातं जातं. मशीन बनवणाऱ्यानं अठ्ठेचाळीस आणि साठ उगाच नव्हते घेतले. दोघांना बाराचा भाग जातो. खुंट्या एकदा पाच दाते मागेपुढे बसवल्या की त्या जन्मात एका वेळी वर येत नाहीत, तो बाराचा धागा त्यांना येऊ देत नाही. एकसष्टाचं मात्र कुणाशीच नातं नाही. ज्याचा कुणाशी संबंध नाही त्याची गाठ कधी ना कधी सगळ्यांशी पडते, आणि दर एक लाख दोन हजार चारशे ऐंशी पुठ्ठ्यांनी ती पडत होती. मिस्त्रीला लाज वाटली, इतकी की त्यानं सगळ्यात आधी खडूचा आकडा बाहीनं पुसून टाकला.

दुपारी त्यानं नवं साठ दात्यांचं चाक कापलं. दोन तासांचं काम. चाक फडक्यात गुंडाळून त्यानं खिशात ठेवलं आणि मग त्याच्या मनाची खरी तगमग सुरू झाली. मशीन थांबलं की वीस मिनिटांत चाक बदलता आलं असतं. कुणाला कळलं नसतं. पातं पुन्हा कधी तुटलं नसतं, वहिनींची नोकरी राहिली असती, त्याची किल्लीही राहिली असती. सगळ्यांचं भलं. फक्त सात चिठ्ठ्या खणात तशाच पडून राहिल्या असत्या, आणि लोक म्हणाले असते, बाईंचं चित्त थाऱ्यावर आलं एकदाचं.

संध्याकाळी जेवायला बसल्यावर वहिनींनी आमटीची वाटी पुढे सरकवली आणि हळूच विचारलं, मीठ आहे ना? मिस्त्रीनं वाटी खाली ठेवली. पुढे तो जेवला की नाही हे त्याला आठवत नाही.

बुधवारी मशीन सुरू व्हायच्या आधी तो मालकांच्या खोलीत गेला. सव्वादहाच्या सुमारास २४६७५ वर पातं तुटेल, म्हणाला. मालकांनी वरही बघितलं नाही. हा आकडा तर शुक्रवारीच येऊन गेला, म्हणाले.

"आला होता. मी मधला एक लाख धरला नव्हता," मिस्त्री म्हणाला. "मशीन आज मी चालवतो. वहिनी दहा पावलं लांब बसतील. तुटलं तर आठवी चिठ्ठी माझ्या नावाची. नाही तुटलं तर ही किल्ली ठेवून मी जातो."

मालक आले. वहिनी भिंतीजवळच्या स्टुलावर बसल्या, चहाचा पेला दोन्ही हातांत धरून. २४६५० पासून मिस्त्रीनं वेग अगदी कमी केला आणि प्रत्येक पुठ्ठा आधी उजेडात धरून मालकांना दाखवायला लागला, की एकच आहे, बघा. साठ. सत्तर. त्र्याहत्तर. चौऱ्याहत्तर. आयुष्यात पहिल्यांदा तो पातं तुटावं म्हणून मनातल्या मनात विनवत होता. पुढचा पुठ्ठा त्यानं दाखवला, सरकवला.

कडक आवाज झाला आणि मग ती लांब घरघर.

मिस्त्रीनं मशीन बंद करून झाकण उघडलं. तिन्ही दांडे वर उठून एकमेकांत रुतले होते. त्यानं मधल्या चाकावर बोट ठेवलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, की हे एकसष्ट दात्यांचं चाक मी घातलं, साठचं हवं होतं, आठही वेळा पातं या चाकानं तोडलं. एवढं बोलायला त्याला कालची सगळी दुपार लागली होती. मालकांनी वाकून मधलं चाक पाहिलं. मग खोलीत जाऊन सात चिठ्ठ्या घेऊन आले आणि त्याच्या हातात दिल्या. मिस्त्रीनं प्रत्येकीवरचं नाव खोडून आपलं लिहिलं. किल्लीचा विषय त्या दिवशी निघाला नाही. पुढे निघाला, पण ती वेगळी गोष्ट.

नवं चाक बसलं, खुंट्या पाच दाते मागेपुढे लागल्या, पातं बदललं. एव्हाना बाकीचे पांगले होते. वहिनी स्टुलावरून उठून मशीनपाशी आल्या.

"तुम्हालाही वाटलं होतं ना, भावजी? माझंच चुकतंय म्हणून?"

नाही म्हणणं अगदी ओठांवर होतं, आणि ते सोपंही होतं.

"हो," तो म्हणाला. "वाटलं होतं."

वहिनींनी मान हलवली. "मलाही," त्या म्हणाल्या.

मग त्या जागेवर बसल्या आणि त्यांनी मशीन सुरू केलं. पहिला पुठ्ठा उचलला तेव्हा अंगठा सवयीनं कडेकडे गेला, आणि कडेला लागायच्या आधीच थांबला. त्यांनी पुठ्ठा तसाच आत सरकवला. दुसराही. तिसऱ्यापासून अंगठा मधे आलाच नाही. मिस्त्री तिथेच उभा राहून मोजत होता. साठपर्यंत मोजल्यावर त्याला आठवलं, की वरच्या पंख्याचं तेल गेल्या गुरुवारपासून अर्धवट राहिलंय, आणि तो जिना चढायला लागला.